अण्णांची बुलेट, लिथियम बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली

12 ऑक्टोबर 2024, दसरा. गुहागर

सकाळी गाडी पडवीतून खळ्यात काढली, धुतली, झेंडूचा हार घातला. बायकोने हळदकुंकू लावून ओवाळलं. मग चावी फिरवली तर अमीटरचा (बॅटरीत वीज येते की जाते ते दाखवणारा) काटा जागचा हलेना. हॉर्न दाबला तर घशात कफ अडकल्यासारखा आवाज. किका मारून मारून मांडी भरून आली. शेवटी पूजा झालेली गाडी हारासकट परत पडवीत.

मीटर लावला, 10.4 व्होल्ट. लेडची, म्हणजे शिसं-ॲसिडची, चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीला 12.6-12.7 दाखवते, म्हणजे सहा सेलना प्रत्येकी 2.1. त्यातला एक सेल बसला की साधारण हाच आकडा उरतो. झाकणं उघडून पाहिली तर चौथ्या घरात पट्ट्या उघड्या पडलेल्या, वर पांढरी साय. सल्फेट.

तीन पावसाळ्यांत ही तिसरी बॅटरी. जूनपासून नवरात्रापर्यंत गाडी पडवीत उभी असते. लेडची बॅटरी नुसती उभी राहूनही उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की सल्फेट धरते. हे माहीत असून मी दर वर्षी आळस करतो, तो भाग वेगळा.

गाडीबद्दल थोडं. 350 स्टँडर्ड, ओतीव लोखंडी इंजिन, उजव्या पायाचे गिअर, किकस्टार्ट. अण्णांनी 1996 साली घेतली. स्पार्क पॉइंट-कॉइलचा (पॉइंट उघडमीट करतात, कॉइल ठिणगी पाडते) आणि तो बॅटरीवर. म्हणजे बॅटरी पुरती मेली की धक्का मारूनही उपयोग नाही.

अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "पाणी घातलं होतंस का?" कपाटाखालची डिस्टिल्ड वॉटरची बाटली त्यांनी काठीने दाखवली. दर पंधरा दिवसांनी पाणी घालायचं हा अण्णांचा नेम होता, एकादशी चुकेल पण हे चुकायचं नाही. मी तो कधीच मोडला.

14 ऑक्टोबर

लिथियम टाकायचं ठरवतोय. मुख्य कारण पावसाळा. लिथियम बॅटरी चार महिने वायर काढून ठेवली तर फार उतरत नाही आणि थोडी उतरली तरी सल्फेटसारखं काही धरत नाही. दुसरं कारण ॲसिड. बॅटरीच्या नळीतून गळणाऱ्या थेंबांनी खालची चेसिस सोललीय. आधीच इथला खारा वारा लोखंड खातो, त्यात आपण घरून ॲसिड कशाला पुरवायचं?

वजन कमी होईल म्हणून मात्र नाही. दीडशे किलोंवरच्या गाडीतून सव्वा-दीड किलो कमी झालं म्हणजे सोललेले दोन-तीन नारळ. बुलेटला कळणारही नाही.

बायकोचा पहिला प्रश्न: "अहो, ती पेटते ना?" प्रश्न बरोबर आहे. 2022 च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्यानंतरच सरकारने बॅटऱ्यांचे नियम कडक केले. पण लिथियम ही एक जात नाही, पोटजाती आहेत. निकेल-कोबाल्टवाली कमी जागेत जास्त वीज साठवते आणि बिघडली तर भडकते. लोह-फॉस्फेटवाली, म्हणजे एलएफपी, जड असते, थोडी मंद असते, पण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने सहजी भडकत नाही. अजिबात पेटत नाही असं नव्हे. शॉर्ट केली तर कुठलीही बॅटरी वायर लाल करते.

या लोह-फॉस्फेटचा मूळ शोधनिबंध 1997 चा, टेक्सस विद्यापीठातल्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. त्यावर पहिलं नाव पाढी, दुसरं नंजुंडस्वामी. गुडइनफना 2019 साली नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. म्हणजे हे रसायन आमच्या गाडीपेक्षा एका वर्षाने लहान. अण्णांना सांगितलं. म्हणाले, "मग पोर आहे अजून."

दुसरी सोय म्हणजे आकडे जुळतात. एलएफपीचा एक सेल 3.2 व्होल्टचा, चार ओळीने जोडले की 12.8. भरताना सेलमागे 3.65, म्हणजे 14.6 ही वरची हद्द. लेडच्या गाडीचं चार्जिंग 14 ते 14.5 च्या आसपास असतं, किंवा असायला हवं.

20 ऑक्टोबर

"असायला हवं" हे परवा लिहिलं आणि तेच डोक्यात राहिलं. विकत काही घेण्याआधी गाडी खरंच किती व्होल्ट देते ते मोजू म्हटलं. बुलेट घरात आल्याला अठ्ठावीस वर्षं झाली आणि हे आजवर कोणी मोजलेलं नाही.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) सीलबंद बॅटरी तात्पुरती जोडली. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली आणि पडवीत बऱ्याच दिवसांनी तो ठोका घुमला. अण्णा उठून बाहेर आले.

मीटरचे आकडे असे. स्लोवर, म्हणजे रेस न देता, 12.8. हलकी रेस दिली, 14.1. आणखी रेस, 14.9. चांगली रेस धरून ठेवली, 15.4. हेडलाइट लावला तरी 15.1.

दोनदा मोजलं. दुसऱ्या मीटरनेही मोजलं. 15.4.

लेडच्या बॅटरीत साधारण 14.4 च्या वर पाण्याचं विघटन जोर धरतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन पाणी उडून जातं. म्हणजे रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट हद्दीत ठेवणारा भाग) जास्तीची वीज देत होता आणि बॅटरी ती उकळून हवेत सोडत होती. पंधरा दिवसांनी अण्णा पाणी घालायचे, बॅटरी पुन्हा उडवायला मोकळी. चिपळूणचे आमचे मिस्त्री वर्षानुवर्षं सांगतात, "बुलेटची बॅटरी पाणी खातेच. जातच आहे ती." जात नव्हती. गाडीला ताप होता, आणि आम्ही रोज कपाळावर ओली घडी ठेवून कामावर जात होतो.

लिथियममध्ये उडवायला पाणी नाही. 15.4 म्हणजे सेलमागे 3.85. असल्या गाडीत नवीन बॅटरी नुसती टाकली असती तर काय झालं असतं ते लिहायला नको.

खरेदी रद्द. आधी गाडीचं औषधपाणी.

27 ऑक्टोबर

आज दिवसभर वायरिंग. हे लांबवून लिहितोय, कारण खरं काम इथेच होतं.

आधी अर्थिंग तपासलं. माझी गाडी निगेटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह चेसिसला जोडलेलं. जुन्या काही गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, त्यांच्या मालकांनी सगळं उलट वाचावं, आणि वायर कापण्याआधी वाचावं. पद्धत सोपी. गाडी सुरू ठेवायची, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. दोन्ही एकच असायला हवेत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य. माझ्याकडे 0.6 व्होल्ट आले. एवढी वीज एका गंजक्या बोल्टमध्ये अडत होती.

बोल्ट सोडवला. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीच्या, खाली हिरवा थर, पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसा. वायरचं वरचं प्लॅस्टिक सोललं तर तांबं आत वीतभर काळं. कारण मला माहीत आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही गाडी तिथे मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये होती, इंजिनच्या कामासाठी. चार दिवसांनी गाडी चिखलातून काढली. इंजिन उघडून धुतलं, ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटर साफ केला. वायरिंग वरून पुसलं आणि सोडून दिलं, कारण दिवे लागत होते. मिस्त्रींना बोल लावत नाही. त्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती.

नवीन काय केलं: बॅटरी ते चेसिस आणि चेसिस ते इंजिन अशा दोन स्वतंत्र अर्थच्या वायरी, 2.5 चौ. मिमीच्या. लग दाबून वर डाग (सोल्डर) दिला, त्यावर हीट-श्रिंक नळी. चेसिसचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत केला, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन थापलं. आधी नाही, नंतर. इथल्या हवेत हे न केलं तर पुढच्या शिमग्याला परत हिरवं.

आणि फ्यूज. फ्यूजच्या जागी तांब्याचा तारेचा तुकडा गुंडाळलेला निघाला. कोणी, कधी, माहीत नाही. अण्णा म्हणाले आपण नाही. लेडच्या छोट्या बॅटरीत हे कसंबसं निभावतं. एलएफपीचा आतला रोध फार कमी, शॉर्टमध्ये ती क्षणात शेकडो ॲम्पिअर ओतू शकते. बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांवर 15 ॲम्पिअरचा पात्याचा फ्यूज बसवला.

संध्याकाळी परत मोजलं. अर्थिंगमधली घट 0.6 वरून 0.04. आणि चार्जिंग? 15.4 चं 15.7 झालं! क्षणभर डोकंच चालेना. मग उजेड पडला. गंजका बोल्ट वाटेत थोडे व्होल्ट खात होता. वाट साफ केल्यावर रेग्युलेटरचं खरं रूप बॅटरीपर्यंत पोचलं.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

बहिणीकडे चिपळूणला जायचंच होतं, एसटीने गेलो. येताना आरआर युनिट घेतलं. रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला तो पंख्यांचा ॲल्युमिनियमचा डबा. दुकानदार म्हणाला सगळे हेच नेतात. घरी जोडलं, रेसला 14.9. लेडला चाललं असतं, मला नाही चालणार.

9 नोव्हेंबर

ते युनिट परत केलं. दुकानदाराने खळखळ करत घेतलं, वर "मीटर खराब असेल तुमचा" असं ऐकवलं. दुसरीकडून दुसऱ्या बनावटीचं आणलं. स्लोवर 13.1, रेसला 14.3, हेडलाइट लावून 14.2, अर्धा तास चालवून गरम झाल्यावर 14.3. हे पाहिजे होतं. रेग्युलेटर गरम झाल्यावर परत मोजायचं, गार असताना सगळेच सज्जन असतात.

यूपीएसची बिचारी बॅटरी अजून गाडीत आहे आणि कॉम्प्युटर वीज गेली की बंद पडतोय. मुलगी वैतागली आहे.

16 नोव्हेंबर

तयार लिथियम घ्यावी की बनवावी?

तयार बॅटऱ्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 12 एएच, 14 एएच असे आकडे असतात. वजन बघा तर अर्धा-पाऊण किलो. बारीक अक्षरांत "समतुल्य" असा शब्द. अर्थ असा की सेल्फ मारायला 12 एएचची लेड बॅटरी जेवढा झटका देते तेवढा ही देईल. आत साठा खरा 4 एएच. सेल्फच्या गाडीला ते पटण्यासारखं आहे, तिथे झटकाच महत्त्वाचा. माझ्या गाडीला सेल्फच नाही. मला झटका नको, साठा हवा. कॉइल आणि 35 वॉटचा हेडलाइट, दोन्ही बॅटरीवर. स्लोवर गाडी उभी असताना आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) पुरत नाही, तेव्हा बॅटरीतूनच जातं.

शृंगारतळीला एकजण सोलरच्या पथदिव्यांची दुरुस्ती करतो. ग्रामपंचायतींच्या खांबांवरच्या दिव्यांत हेच एलएफपीचे गोल सेल असतात, 32 मिमी व्यासाचे, 70 मिमी उंच, 6 एएचचे, एकेक साधारण 140-145 ग्रॅमचा. चार लावले की 12.8 व्होल्ट, 6 एएच. जुन्या 5 एएचपेक्षा थोडी जास्तच. त्याच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं यंत्र आहे. सेलवर थेट डाग द्यायचा नाही, उष्णतेने आतला पडदा जातो. निकेलची पट्टी स्पॉटनेच लावायची.

20 नोव्हेंबर

मतदान सकाळी उरकलं आणि शृंगारतळी. चार नवे सेल, प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये, एकमेकांना न चिकटता. निकेलची पट्टी दुहेरी. 30 ॲम्पिअरचं चार सेलचं बीएमएस, म्हणजे राखणदार सर्किट. एखादा सेल जास्त भरला की चार्जिंग तोडतं, फार उतरला की पुरवठा तोडतं. सेलचे व्होल्ट मोजले: 3.31, 3.31, 3.30, 3.31. "सगळे सारखे आहेत, लावा बिनधास्त," तो म्हणाला. लावले.

सगळं मिळून 740 ग्रॅम. जुनी बॅटरी दोन किलोंच्या वर होती. ती भंगारवाल्याला नाही दिली, बॅटरीच्या दुकानात परत दिली, तिथे ती शिशाच्या रिसायकलिंगला जाते.

24 नोव्हेंबर

फजिती.

दुपारी हेदवीला गेलो. जाताना गाडी लोण्यासारखी. परतताना अंधार पडला, पालशेतच्या अलीकडे उताराला रेस जरा जास्त होती. हेडलाइट एकदम दुधासारखा पांढरा झाला, आजूबाजूचे माड लख्ख दिसले, आणि फट्. मागचा दिवाही गेला. इंजिन फटफट करत, अडखळत चालू. मोबाइलचा टॉर्च लावून तो तोंडात धरून घरापर्यंत आलो. गुराढोरांचा रस्ता, फार हळू.

घरी येऊन सेल एकेक मोजले. चौथा 3.52 वर, बाकीचे तिघे 3.35 च्या आसपास. कोडं सुटलं. चौथा सेल मुळात जास्त भरलेला होता. चार्जिंग 14.3 असलं तरी ते चौघांत सारखं वाटलं जात नाही. भरलेला सेल सगळ्यात आधी हद्दीला पोचला, बीएमएसने आपलं काम केलं आणि चार्जिंग तोडलं. पण गाडी धावत असताना बॅटरी तुटली की आल्टरनेटरच्या विजेला निवांत पडायला जागा उरत नाही. व्होल्ट उसळले, बल्ब गेले. लेडची बॅटरी अशी कधी हात वर करत नाही.

मग 20 तारखेला चौघे सारखे कसे दिसले? एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख सड्यासारखा सपाट असतो. चाळीस टक्के भरलेला आणि साठ टक्के भरलेला यांच्यात फरक अगदी थोड्या मिलिव्होल्टचा. विश्रांतीला व्होल्ट मोजून सेल सारखे आहेत म्हणणं म्हणजे झाकण न उघडता डब्यातले लाडू मोजणं. फरक दिसतो तो फक्त दोन टोकांना, पुरता भरताना नाहीतर पुरता उतरताना. हे मला वाचून माहीत होतं. घाई नडली.

1 डिसेंबर

पॅक सोडवला. चारही सेल समांतर जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस. 3.65 व्होल्टवर बांधलेल्या पॉवर सप्लायवर कमी करंटने चार्जिंग. सकाळी दहाला लावलं, दुपारी उशिरा करंट घसरायला लागला, रात्री साडेनऊला जवळजवळ शून्य. या काळात शेजारून उठलो नाही, जेवणही पडवीतच. आता चौघे खरोखर काठोकाठ भरले.

परत ओळीने जोडून घेतले. या वेळी बीएमएस वेगळं घेतलं, भरताना सेल एका पातळीवर आणणारं.

15 डिसेंबर

दोन कामं.

पहिलं: आरआर युनिटच्या डीसी बाजूला 10,000 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा कपॅसिटर लावला. कल्पना माझी नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी लुकास कंपनीचा 2 एमसी नावाचा निळा कपॅसिटर यायचा, स्प्रिंगमध्ये लोंबकळणारा, तो असला की गाडी बॅटरीशिवायही चालायची. बीएमएसने परत कधी हात वर केले तर हा उसळी झेलेल. प्लस-मायनस उलटे जोडले तर फुटतो, तेवढं सांभाळावं.

दुसरं: बसवणूक. पॅक लहान, डबा मोठा, आणि बुलेटचा ठोका असा की सैल काही ठेवलं तर महिन्यात वेल्डिंग तुटेल. फोम आणायला गेलो नाही. जुन्या स्लिपरांचे तळवे कापले आणि चारी बाजूंनी ठासले. अण्णांची एक स्लिपरही त्यात गेली. बीएमएसवर वॉर्निशचे दोन हात दिले, दमट हवेसाठी. पण डबा हवाबंद केलेला नाही. हवाबंद डब्यात शिरलेली वाफ बाहेर पडत नाही, हे कोकणातल्या प्रत्येक लोणच्याच्या बरणीने शिकवलेलं आहे.

नवे बल्ब. रेसला 14.3. सेल 3.57, 3.58, 3.57, 3.58.

26 जानेवारी 2025

झेंडावंदन करून निघालो. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड आणि पुढे मालगुंड. त्याच रस्त्याने परत. शंभरेक किलोमीटर, त्यात चढउतार भरपूर. डब्यात थर्मामीटर टाकून ठेवला होता: तवसाळच्या चढानंतर 44 अंश. चालेल. साठच्या पुढे गेलं असतं तर विचार करावा लागला असता.

फेरीबोटीवर दोघांनी विचारलं, बॅटरी कुठली. झाकण उघडून दाखवलं तर आत स्लिपरा.

अमीटरची वागणूक बदललीय. किक लागली की काटा प्लसकडे जोरात झेपावतो, लेडपेक्षा जास्त, आणि दोनचार मिनिटांत मध्यावर येऊन शांत बसतो. आधी तो तासभर प्लसमध्ये रेंगाळायचा. जुनी सवय मात्र तशीच: चावी चालू, किक हळू दाबत जायची. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तिथे डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक जरा पुढे, डिकॉम्प सोडायचा, किक वर घ्यायची आणि एकच सणसणीत लाथ. बॅटरी कुठलीही असो, हे तेच.

16 मार्च 2025

शिमग्याची पालखी दारात येऊन गेली. गडबडीत पुतण्याने गाडी बाजूला सरकवली आणि चावी चालू ठेवून गेला. पॉइंट नेमके मिटलेल्या जागी. कॉइल अशा वेळी तीनचार ॲम्पिअर पीत बसते. दोन तासांत कारभार आटोपला. कॉइल हाताला चटका बसेल इतकी गरम.

मीटर लावला तर बॅटरीला व्होल्टच नाही. घाबरायचं कारण नव्हतं, बीएमएसने खालच्या हद्दीला पुरवठा तोडला होता. लेडची बॅटरी अशा वेळी तासभर विसावली की एखादी किक मारण्यापुरती उठते. ही उठत नाही, एकदा रुसली की रुसली. साधा चार्जर लावला तर तो म्हणतो बॅटरीच नाही. पॉवर सप्लायवरून 14.4 दिले तेव्हा जागी झाली. रस्त्यात घडलं असतं तर गाडी टेम्पोतच घालावी लागली असती. हा तोटा आहे आणि मोठा आहे. बॅटरीच्या प्लसवर खटक्याचा एक स्विच लावून घेतला. तो बंद केला की चावीने काही होत नाही.

पुतण्याला कोणी काही बोललं नाही. सणाचे दिवस.

25 मे 2025

पाऊस आजच आला. मे संपायच्या आत मान्सून कोकणात. आंबे अजून झाडावर, बेडी (सुपाऱ्या) वाळवणीत, सगळ्यांची धावपळ. गाडी पडवीत घेतली.

ठेवताना पूर्ण भरून ठेवली नाही. ही बॅटरी लांब ठेवायची तर अर्धी-पाऊण भरलेली बरी. 13.24 व्होल्ट. निगेटिव्ह काढली, टोकाला टेप. अण्णांनी विचारलं, "पाणी?" म्हटलं, हिला लागत नाही. ते काही बोलले नाहीत. बाटली कपाटाखाली तशीच होती, अर्धी भरलेली.

24 ऑगस्ट 2025

तीन दिवसांवर गणपती. चाकरमानी कालपासून यायला लागलेत, घरात माणूस मावत नाही.

एक्याण्णव दिवसांनी डबा उघडला. लगवर व्हॅसलीन तसंच, हिरवं कुठेच नाही. एका स्लिपरला बुरशी. मीटर: 13.21. सेल 3.30, 3.30, 3.30, 3.31. 13.21 म्हणजे नक्की किती भरलेली ते यावरून कळत नाही, वर लिहिलंय त्या सपाटीमुळे. पण उतरलेली नक्कीच नाही.

निगेटिव्ह जोडली, स्विच चालू, चावी. काटा हलला. पहिली किक फुकट, कार्ब्युरेटर कोरडा होता. पेट्रोल भरू दिलं. तिसऱ्या किकला लागली. मुंबईच्या पोरांनी खळ्यात येऊन आरडाओरडा केला. रेसला 14.3.

अण्णा बाटली घेऊन बाहेर आले होते. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन जिन्याखालच्या इन्व्हर्टरची झाकणं उघडायला बसले. तिथे पाणी खरंच कमी झालं होतं.